धनत्रयोदशी ते संक्रांत: ठाण्यातल्या एका हरकतपत्राचं प्रकरण

केंद्र सरकारच्या प्रसारण विधेयकाचा मसुदा २०२३ च्या दिवाळीत आला आणि ठाण्यातल्या आम्ही काही जणांनी त्यावर हरकत घ्यायचं ठरवलं. पुढे काय काय झालं, कुठे अडलं, कुठे आम्हीच आमच्या पायावर धोंडा पाडून घेतला, ते इथे मांडते आहे. माणसांची नावं गाळली आहेत. चॅनेलचा किंवा वसाहतीचा माग लागेल असे तपशील बदलले आहेत. मी पेशाने भाषांतरकार. करारनामे, खरेदीखतं, कोर्टाचे कागद इंग्रजीतून मराठीत आणि उलट, हे रोजचं काम. मला बोलावलं ते मसुद्याचं मराठी करून द्यायला. मग इतिवृत्त लिहिणं, सह्या गोळा करणं हेही माझ्याच गळ्यात पडलं, म्हणून सगळे कागद माझ्याकडे आहेत.

पार्श्वभूमी

मध्यभागी आहे एक यूट्यूब चॅनेल. खाडीपलीकडच्या वसाहतीत राहणारं एक जोडपं ते चालवतं. त्याला सगळे दादा म्हणतात, तिला वहिनी. दादा मोबाइल आणि माइक घेऊन फिरतो. वहिनी रात्री मुलं झोपली की व्हिडिओ कापते, वर मथळे चढवते. विषय ठरलेले: पाण्याचे टँकर, टीएमटीच्या न आलेल्या बस, घोडबंदर रोडचे खड्डे, दिवा भागातल्या कचऱ्याचा धूर. जाहिराती मिसळवाल्यांच्या, क्लासवाल्यांच्या आणि नव्या टॉवरच्या. त्यातून घराचा हप्ता आणि शाळेची फी सुटते, एवढाच धंदा.

दुसरीकडे नौपाड्यातल्या एका वाचनालयाच्या माडीवर शनिवारी संध्याकाळी जमणारा आमचा कट्टा. बँकेतून निवृत्त झालेले काका, शाळेतून निवृत्त झालेल्या काकू, हौशी रंगभूमीवर हयात घालवलेले एक नट, ठाणे कोर्टात वकिली करणाऱ्या ताई, कॉलेजातली दोन मुलं आणि येऊनजाऊन असणारे काही. ज्या गावात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, तिथे असे कट्टे गल्लोगल्ली निघतात. वाद घालायला कोणाला आमंत्रण लागत नाही.

इंटरनेटवर लिहिलं म्हणून पोलीस घरी येतात, ही गोष्ट ठाणेकरांना परकी नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. त्याबद्दल फेसबुकवर लिहिणारी पालघरची मुलगी आणि ती पोस्ट 'लाइक' करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. त्या अटकेनंतर इंटरनेटवरच्या आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ मार्च २०१५ ला रद्द झालं. आमच्यातल्या प्रत्येकाला एवढं माहीत होतं. त्याच निकालात इंटरनेटवरचा मजकूर अडवण्याचा अधिकार सरकारला देणारं कलम ६९अ शाबूत राहिलं, हे मात्र वकीलताई सोडून कोणाच्या गावी नव्हतं.

अडचण

१० नोव्हेंबर २०२३, शुक्रवार, धनत्रयोदशी. त्या दिवशी माहिती व प्रसारण मंत्रालयाने प्रसारण सेवा (नियमन) विधेयकाचा मसुदा जाहीर केला. १९९५ चा केबल टीव्ही कायदा जाऊन त्याच्या जागी केबल, डीटीएच, ओटीटी या सगळ्यांना मिळून एक कायदा यावा, असा बेत. हरकती ९ डिसेंबरपर्यंत. दिवाळी वजा जाता हातात उरले चार शनिवार, आणि चौथा म्हणजे मुदतीचाच दिवस.

दादाच्या कानावर हे आलं ते तलावपाळीवर, दिवाळी पहाटेच्या गर्दीत चित्रण करताना. दुसरा एक चॅनेलवाला म्हणाला, "आता आपल्याला लायसन लागणार." असं मसुद्यात म्हटलेलं नव्हतं. होतं ते खंड २० मध्ये, आणि ते जास्त गुळगुळीत होतं. बातम्या आणि चालू घडामोडी जो कोणी ऑनलाइन पेपर, न्यूज पोर्टल, वेबसाइट किंवा समाजमाध्यमावरून पद्धतशीर धंदा, पेशा वा व्यापार म्हणून दाखवतो, त्याने कार्यक्रम संहिता आणि जाहिरात संहिता पाळायची. छापील वर्तमानपत्रं आणि त्यांची जशीच्या तशी ई-आवृत्ती यांना सूट. पाण्याच्या टँकरची तीच बातमी कागदावर आली तर संहितेबाहेर, दादाच्या तोंडून आली तर संहितेच्या आत.

संहितेत काय लिहिलंय? ते मसुद्यात नव्हतंच. तिथे होतं, 'विहित करण्यात येईल अशी'. हे तीन-चार शब्द कायद्याच्या भाषेत निरुपद्रवी दिसतात. माझ्या धंद्यात ते इतके वेळा येतात की हात आपोआप टाइप करतो. या वेळी मात्र मी ते जिथे जिथे आले तिथे पिवळ्या हायलायटरने रंगवत गेले आणि मसुदा संपायच्या आत हायलायटर कोरडा पडला. कायदा आज संमत होणार, त्याचा अर्थ उद्या नियमांत भरला जाणार, आणि ते नियम संसदेत चर्चेला येतीलच असं नाही.

अंदाज बांधायला हाताशी होती जुनी संहिता, केबल टीव्ही नियम १९९४ मधला नियम ६. तिचं मराठी करताना मी तीन ठिकाणी अडले. कार्यक्रम 'सदभिरुची'ला बाधा आणणारा नसावा. त्यात 'अर्धसत्य' नसावं. आणि त्यात व्यक्तिशः कोणावर टीका, निंदा किंवा बदनामी नसावी. निंदा आणि बदनामी मी समजू शकते. पण 'टीका' हा शब्दही त्याच रांगेत उभा आहे. मी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा नट म्हणाले, "मग बातमीत उरलं काय? कुलाबा आणि सांताक्रूझचं तापमान?"

'अर्धसत्या'वर दादाचा चेहरा उतरला. ऑक्टोबरमधल्या त्याच्या एका व्हिडिओचं शीर्षक होतं, 'तीन दिवस नळ कोरडे'. त्यात एक आजी रिकामा हंडा नळाखाली धरून उभी आहे आणि नळातून फक्त हवेचा फुस्स आवाज येतो. पाणी सोडणाऱ्यांचं म्हणणं असं की रोज पहाटे तीनला वीस मिनिटं पाणी सोडलं होतं. बहुधा खरं असेलही. वरच्या मजल्यांवर ते चढलं नाही आणि खालचे झोपेत होते. आता तीन दिवस नळ कोरडे हे सत्य, अर्धसत्य की असत्य? आणि ते ठरवणार कोण? आमच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ या हंड्यात आहे.

समोरचे पर्याय

पहिल्या शनिवारी आम्ही पर्याय मोजले नाहीत, भांडलो. 'सेन्सॉर हवं की नको' या प्रश्नावर दीड तास गेला. तो वाया गेला असं मी तेव्हा म्हणाले होते, आता तसं वाटत नाही, कारण नंतर पत्रात जे बरं उतरलं ते याच भांडणातून आलं.

नट सेन्सॉरच्या बाजूने बोलले. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, प्रमाणपत्र मिळतं, मग प्रयोग लागतो. "गडकरी रंगायतनला आम्ही आयुष्यभर तसेच प्रयोग केले. चार शिव्यांवर तांबडी रेघ यायची, आम्ही तीन परत घालायचो. रंगभूमी मेली का?" यावर हशा झाला, पण मुद्दा होता. त्याला उत्तर दिलं वहिनीने, जी तोवर गप्प बसली होती. "तुमच्या तालमी दोन-दोन महिने चालतात काका. आमचा टँकर सकाळी आठला येतो नि साडेआठला जातो." काळाचा हा मुद्दा पुढे पत्राचा दुसरा परिच्छेद झाला.

काकूंचं म्हणणं निराळं. त्यांचा नातू अकरा वर्षांचा, मोबाइल सुटत नाही, एकदा त्यांनी त्याच्या हातातल्या पडद्यावर जे पाहिलं ते त्या सांगूही शकल्या नाहीत. "सरकारने वरूनच गाळणी लावली तर बिघडलं काय?" इथे त्यांना 'तुम्ही प्रतिगामी आहात' असं कॉलेजच्या एका मुलाने ऐकवलं, आणि काकू पर्स उचलून निघाल्या. जिन्यात जाऊन मी त्यांना परत आणलं. तो मुलगा पुढच्या वेळी चकल्या घेऊन आला, पण तो विषय वेगळा.

गाळणीबद्दल मला स्वतःचं सांगण्यासारखं होतं. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकल गाड्यांतल्या बॉम्बस्फोटांनंतर काही ठरावीक ब्लॉग बंद करायचे आदेश निघाले. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी ते ब्लॉग वेगळे काढायची तसदी न घेता अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद केलं. तेव्हा मी तिथे पाककृती लिहायचे. अळूवडीची कृती देशाच्या सुरक्षेपोटी काही दिवस गडप झाली. वकीलताईंनी ऑस्ट्रेलियाचं सांगितलं. तिथल्या सरकारने २००८ च्या सुमारास सगळ्या इंटरनेट कंपन्यांना सक्तीची गाळणी लावायचा घाट घातला होता. मार्च २००९ मध्ये नियामकाची गुप्त काळी यादी फुटली, तर त्यात क्वीन्सलँडमधल्या एका दंतवैद्याची वेबसाइटही निघाली. सक्तीचा तो बेत अखेर नोव्हेंबर २०१२ मध्ये सोडून दिला गेला. काकूंनी विचारलं, "त्या दातवाल्याला कळलं कसं, आपण यादीत आहोत ते?" यादी फुटली म्हणून कळलं. आपल्याकडे कलम ६९अ खालच्या २००९ च्या नियमांत अशा आदेशांची गुप्तता नियम १६ मध्ये लिहूनच ठेवली आहे. काकू काही पूर्ण पटल्या नाहीत, पण बसल्या.

दुसऱ्या शनिवारी फळ्यावर पर्याय लिहिले. काही न करणं हा पहिला. मसुदाच तर आहे, असे कित्येक येतात नि जातात. सप्टेंबर २०१५ मधलं सरकारच्या कूटलेखनाच्या (एन्क्रिप्शनच्या) धोरणाचा मसुदा आठवा: लोकांनी आपले संदेश उघड्या रूपात ९० दिवस जपून ठेवावेत असं त्यात होतं, आणि ओरड होताच ते मागे घेतलं गेलं. पण ते मागे गेलं ओरड झाली म्हणूनच, हे काकांनी लक्षात आणून दिलं.

मग एकच मजकूर शेकडो लोकांकडून पाठवायचा पर्याय. २०१५ मध्ये इंटरनेटच्या समान वागणुकीसाठी ट्राय या दूरसंचार नियामकाकडे दहा लाखांवर ईमेल गेले आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने भेदभावाच्या दरांवर बंदी घातली. बाजू भक्कम होती. तरी काका आडवे आले. त्या दहा लाखांत त्यांचाही ईमेल होता, आणि ट्रायने सगळे ईमेल पत्त्यांसकट आपल्या वेबसाइटवर टाकले होते. "त्यानंतर मला कर्ज द्यायला अर्धा हिंदुस्थान टपला होता." सोसायट्यांमधल्या ज्येष्ठांना हे कळलं तर कोण सही देणार?

तिसरा, लोकप्रतिनिधीला भेटायचं. भेटलो. चहा चांगला होता.

चौथा, कोर्टाची वाट पाहायची. वकीलताई म्हणाल्या की मसुद्यावर कोर्टात काही होत नाही, कायदा व्हावा लागतो. पण त्यांनीच एक धागा काढला. २०२१ च्या डिजिटल माध्यमांच्या नियमांनीही ऑनलाइन बातम्यांना हीच केबलची कार्यक्रम संहिता लावली होती, आणि १४ ऑगस्ट २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या नियम ९ च्या पहिल्या आणि तिसऱ्या पोटनियमाला स्थगिती दिली होती. जी संहिता पुढच्या दाराने अडवली, ती खंड २० च्या खिडकीतून आत येते आहे. माझ्या मते आमच्या पत्रातलं हे सर्वांत वजनदार वाक्य, आणि ते सुचायला दुसरा शनिवार संपत आला होता.

पाचवा पर्याय वहिनीचा. "आमचे व्हिडिओ घ्या नि त्या नियमाला लावून बघा. कुठला पास होतो, कुठला नापास." तोच घेतला.

केलं ते

आधी चूक सांगते. पहिल्या आणि दुसऱ्या शनिवारच्या मध्ये कॉलेजच्या मुलाने उत्साहात व्हॉट्सॲपवर एक संदेश सोडला: 'यूट्यूबवर बातमी दिली तर तुरुंग! आजच हरकत घ्या!' खाली कट्ट्याचं नाव. तो एका रात्रीत वागळे इस्टेटपासून मानपाड्यापर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला. मसुद्यात तुरुंग होता, पण खोटं प्रतिज्ञापत्र देऊन नोंदणी मिळवणं अशा गंभीर गुन्ह्यांपुरता. बाकी सूचना, ताकीद, दंड. एका सोसायटीच्या सचिवांनी मला फोन करून शांतपणे विचारलं, "कुठल्या खंडात आहे ते दाखवा." दाखवता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा संदेश पाठवला. तो कोणी पुढे ढकलला नाही. दुरुस्तीला कधी पाय फुटत नाहीत. त्या सचिवांच्या आणि शेजारच्या सोसायटीने सह्यांचा कागद कोरा परत केला. माझ्या मते हे नुकसान मुदतीच्या गडबडीपेक्षा मोठं होतं, कारण ती दोन्ही माणसं मुळात आमच्या बाजूची होती.

तेव्हापासून एक नियम झाला: पत्रात जाणाऱ्या प्रत्येक दाव्यापुढे खंडाचा आकडा. आकडा नाही तर वाक्य नाही. याची पहिली परीक्षा मूल्यांकन समितीवर झाली. मसुद्यात असं होतं की प्रसारकाने मजकूर मूल्यांकन समिती नेमायची, तिच्यात समाजातल्या वेगवेगळ्या घटकांची माणसं घ्यायची, आणि तिने प्रमाणित केलेलेच कार्यक्रम दाखवायचे. दादाला हे ठळक अक्षरांत हवं होतं. "मी, बायको आणि समिती! लोकांना लगेच कळेल." वकीलताईंनी दोनदा वाचलं आणि नाही म्हणाल्या. ही समिती प्रसारकाला आहे. खंड २० मधल्या माणसाला ती लागू आहे की नाही ते मसुद्यातून कळत नाही. दादा वैतागला. पण शेवटी पत्रात गेलं ते ताईंचं वाक्य: लागू नसेल तर तसं स्पष्ट लिहा, लागू असेल तर दोन माणसांच्या चॅनेलने ती कुठून आणायची ते सांगा. ठळक अक्षरांत छान दिसलं नसतं हे वाक्य, पण खोडता आलं नसतं.

मग सात व्हिडिओ. वहिनीने निवडले, गेल्या सहा महिन्यांतले. तिसऱ्या शनिवारी माडीवरच्या भिंतीला चादर लावून प्रोजेक्टरवर पाहिले. आम्ही सात जण समिती बनलो, हातात नियम ६ चं माझं मराठी. प्रत्येकाने कोणाशी न बोलता लिहायचं: चालेल की नाही, नसेल तर कुठल्या शब्दाखाली.

निकाल पाहून सगळे गप्प झाले. गणपतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ सोडला तर एकावरही आमचं एकमत झालं नाही. खड्ड्यांच्या व्हिडिओत दादा कंत्राटदाराला उद्देशून "डोळे गहाण ठेवलेत का" म्हणतो. तिघांनी ती व्यक्तिशः टीका धरली, चौघांनी नाही. कचऱ्याच्या धुराच्या व्हिडिओत मेलेलं कुत्रं दिसतं; काकूंनी सदभिरुचीखाली नापास केलं, नटांनी "हाच तर पुरावा" म्हणून पास. कोरड्या नळाच्या व्हिडिओवर तर चार-तीन. नापास करणाऱ्यांत मी होते. वीस मिनिटं पाणी आलं होतं ना, मग 'तीन दिवस नळ कोरडे' हे शीर्षक भाषांतरकाराच्या कानाला खोटं लागतं. दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुम्ही तर आमच्या बाजूच्या." म्हटलं, म्हणूनच हे पत्रात घालू.

तक्ता जोडपत्र म्हणून लावला. सात ओळी, सात जणांची मतं, शेवटच्या रकान्यात व्हिडिओची लिंक. खाली एवढंच: एका गावातली, एकमेकांना ओळखणारी सात माणसं याच शब्दांवर एकमत करू शकली नाहीत.

सह्यांची वेळ आली तेव्हा खरा पेच. एकतीस जणांनी देतो म्हटलं होतं, चौदांनी दिली. दादाची नव्हती. त्याच्या जाहिरातदारांत दोन बांधकामवाले, आणि त्यांची उठबस कुठे असते ते सगळ्यांना माहीत. "पत्र सरकारकडे जाणार, सरकारकडून कुठे जाईल काय सांगावं." आम्ही त्याला आग्रह केला नाही. जोडपत्रातून चॅनेलचं नाव काढलं, लिंका काढल्या, 'ठाण्यातील एक चॅनेल' असं लिहिलं. पत्र ७ डिसेंबरला रात्री गेलं, आणि पाठवताना मला कळत होतं की आपण नाव नसलेला साक्षीदार उभा करतो आहोत.

मग मुदत १५ जानेवारी २०२४ पर्यंत वाढली. त्या वर्षी संक्रांतही १५ जानेवारीलाच होती. मधल्या काळात वहिनीने जे केलं ते आमच्या कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. चॅनेलचं ईमेल खातं तिचं, जाहिरातीचे पैसे जमा होतात ते बँक खातं तिचं. "मग चॅनेल माझंच ना कागदावर? सही मी करते." दादा काय म्हणाला ते मला माहीत नाही. दुसरं पत्र तिच्या सहीने, चॅनेलच्या नावाने, साती लिंकांसह संक्रांतीच्या आदल्या दिवशी गेलं. सोबत काकूंचा परिच्छेदही होता, त्यांनी हट्टाने घालायला लावलेला: मुलांसाठी गाळणी हवीच, पण तिचा नळ घरात, पालकांच्या हातात असू द्या.

निष्पत्ती

पत्राची पोच आली, उत्तर नाही. जुलै २०२४ मध्ये मसुद्याची नवी आवृत्ती निवडक लोकांना दिल्याच्या बातम्या आल्या, प्रत फुटली तर कोणाची ते कळावं म्हणून जलचिन्हासकट. आम्ही निवडकांत नव्हतो. बातम्यांवरून कळलं की यूट्यूब-इन्स्टाग्रामवर चालू घडामोडी सांगणाऱ्यांना आता 'डिजिटल बातमी प्रसारक' असं नावच मिळालंय. मोठा गदारोळ झाला. १२ ऑगस्टला मंत्रालयाने सांगितलं की सूचनांसाठी १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंत मुदत देतो आहोत आणि सविस्तर विचारविनिमयानंतर नवा मसुदा काढू. यात आमच्या चौदा सह्यांचा वाटा किती? शून्य धरून चालावं, असं काका म्हणतात. मी शून्याच्या किंचित वर धरते, पुरावा काही नाही.

त्याच सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने केंद्राच्या तथ्य-तपासणी कक्षाचा नियम रद्द केला. सरकारच्या कामाबद्दल काय 'खोटं, बनावट वा दिशाभूल करणारं' ते सरकारच्याच कक्षाने ठरवायचं, असा तो नियम होता. जानेवारीत दोन न्यायमूर्तींची मतं फुटली होती. २० सप्टेंबरला तिसऱ्या न्यायमूर्तींनी रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला. शब्दांच्या मोघमपणावर निकालात जे म्हटलंय ते वाचताना मला आमची चादर आणि प्रोजेक्टर आठवला.

आणि मग ऑक्टोबर. विधानसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या. दादाला एक फोन आला. समोरच्याने नाव सांगितलं नाही, धमकीही दिली नाही. मुलं कुठल्या शाळेत आहेत ते ठाऊक असल्यासारखं बोलला आणि जुन्या पाण्याच्या व्हिडिओंचा विषय काढला. दादाने त्या रात्री तीन व्हिडिओ 'खासगी' करून टाकले. ना आदेश, ना नोटीस, ना कुठलं कलम. आम्ही वर्षभर ज्या विधेयकाशी झुंजलो त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता. आमच्या जोडपत्रातली कोरड्या नळाची लिंक आता उघडत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पत्र मराठीत पाठवलं असतं. माझं मराठी तयार असताना आम्ही ते बाजूला ठेवून काकांच्या बँकेतल्या इंग्रजीत पाठवलं, कारण 'दिल्लीला मराठी कोण वाचणार'. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० आम्हाला उशिरा कळला: गाऱ्हाण्याचं निवेदन संघराज्याच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं. इंग्रजीमुळे सह्यांच्या वेळी निम्म्या लोकांना आपण कशाखाली सही करतोय ते वाचताच आलं नाही. एकतीसचे चौदा होण्यामागे भीती होतीच, पण हेही होतं.

गर्दी की एक पत्र, यात काकांचं ऐकून आपण चुकलो असं आता मला वाटतं. दोन्ही हवं होतं: नेमकं लांब पत्र एक, आणि त्याचा आधार देऊन ज्याला त्याला आपल्या चार ओळी. 'आमच्या इमारतीत पाणी येत नाही हे मला या चॅनेलमुळे कळलं' एवढं जरी पन्नास बायकांनी लिहिलं असतं, तरी ते कॉपी केलेल्या पत्रासारखं वाचलं गेलं नसतं. वकीलताईंना हे पटत नाही. त्या म्हणतात, चौदा खऱ्या सह्या मिळवतानाच दमछाक झाली, पन्नास कुठून आणणार होतीस.

नजर एकाच दारावर ठेवली, ही तिसरी चूक, आणि ती आमची एकट्यांची नव्हे. विधेयकाची चर्चा चालू असतानाच मजकूर काढायला लावण्याचा दुसरा रस्ता रुंद होत होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९(३)(ब) खालच्या नोटिसांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'सहयोग' पोर्टल सुरू झालं. त्याला एक्स कंपनीने दिलेलं आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ ला फेटाळलं. त्यानंतरच्या महिन्यात नियम बदलले आणि अशा नोटिसा केंद्रात सहसचिव, पोलिसांत उपमहानिरीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी काढू शकणार नाही असं झालं. यावर हरकत घ्यायला आम्हाला कोणी तीस दिवस दिले नव्हते. आता कट्ट्यावर महिन्यातला एक शनिवार फक्त अधिसूचना वाचायला ठेवला आहे. येतात पाच जण. काकू न चुकता.

शेवटचं, तांत्रिक म्हणावं असं. जोडपत्रात आम्ही लिंका दिल्या, व्हिडिओ दिले नाहीत. लिंक ही पुरावा नसते, पुराव्याचा पत्ता असते, आणि पत्त्यावरचा माणूस घाबरून घर बदलू शकतो. २०२५ च्या हळदीकुंकवाला वहिनी माझ्याकडे आली तेव्हा तिळगुळाबरोबर तिने एक पेनड्राइव्ह हातात ठेवला. त्यात सात फायली आहेत. कोरड्या नळाची चौथी; एक मिनिट बारा सेकंदांवर तो फुस्स आवाज येतो.